दुसरी भाषा आणि आभासी वास्तव

शाळेच्या पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी "दार लाव" असे सांगावे आणि समोरच्या मुलाने जागचे हलू नये, हा अनुभव मेळघाटातील, भामरागडमधील किंवा सातपुड्याच्या कुशीतील शाळांच्या शिक्षकांना नवा नाही. मूल हट्टी नसते आणि मंदही नसते. त्याच्या घरी कोरकू, माडिया अथवा पावरी बोलली जाते. 'दार' हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नसतो; आणि 'लावणे' या क्रियापदाचा तर दिवा लावणे, झाड लावणे, वेळ लावणे असा पसारा आहे की तो उलगडावयास मराठी घरातील मुलालाही काही वर्षे लागतात. ज्या भाषेत राज्याचा कारभार चालतो ती या मुलांची दुसरी भाषा होय, ही गोष्ट पाठ्यपुस्तक हाती देताना आपण पुष्कळदा विसरतो.

दुसरी भाषा शिकविण्याच्या साधनांत गेल्या दहा-बारा वर्षांत दोन नव्या साधनांची भर पडली आहे. एकास 'आभासी वास्तव' व दुसऱ्यास 'संवर्धित वास्तव' असे म्हणतात. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी आणि ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी या नावांनी ती अधिक परिचित आहेत. त्यांची माहितीपत्रके आता शाळांपर्यंत पोहोचू लागली असून "हे घ्यावे काय?" असा प्रश्न मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे येऊ लागला आहे. ही साधने कशी चालतात, भाषा शिकणाऱ्यास त्यांचा नेमका लाभ कोणता आणि आपल्या राज्यात तो प्रथम कोणाला द्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन डोळे, दोन चित्रे

या यंत्राचे मूळ तत्त्व जुने आहे. माणसाच्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निराळ्या कोनातून दिसते आणि मेंदू त्या दोन चित्रांची सांगड घालून खोलीचा बोध करून घेतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले. जत्रेत मिळणाऱ्या, आत चित्रांची चकती फिरणाऱ्या खेळण्यातून ज्यांनी ताजमहाल पाहिला असेल त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावयास नको. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवावयाचा व संगणकाला जोडलेला पडदा तयार केला. डोके कोणत्या दिशेस वळले हे मोजणारी यांत्रिक दांडी त्यास छतापासून जोडलेली होती आणि दिसत असत त्या नुसत्या रेषांनी काढलेल्या आकृती. परंतु डोके वळविताच आकृतीची बाजूही बदलत असे, आणि सारे नावीन्य त्यातच होते.

आजच्या आभासी वास्तवाच्या चष्म्यात प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र चित्र असते आणि डोक्याची हालचाल टिपणारे सूक्ष्म संवेदक ते चित्र क्षणोक्षणी बदलत राहतात. हा बदल सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात व्हावा लागतो. त्यास विलंब झाला की मळमळ सुरू होते. घाटातील एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्यास जो त्रास होतो त्याचाच हा उलटा प्रकार आहे: तेथे कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय 'हलतो आहोत' असे सांगते आणि पुस्तकावर खिळलेला डोळा ते नाकारतो; येथे डोळा 'हलतो आहोत' म्हणतो आणि कान नाकारतो.

संवर्धित वास्तवाची रीत वेगळी. त्यात भोवतालचे जग झाकले जात नाही. त्याच्यावर काही जोडले जाते. बोइंग या विमानकंपनीतील टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल यांनी १९९० च्या सुमारास हे नाव रूढ केले. विमानातील तारांची गुंतागुंतीची जोडणी करणाऱ्या कामगारास कोणती तार कोठे न्यावयाची हे त्याच्या डोळ्यांसमोरच दिसावे, हा त्यामागील हेतू होता. आज साध्या भ्रमणध्वनीचा कॅमेरा परक्या लिपीतील पाटीवर धरला असता तिच्या जागी आपल्या भाषेतील मजकूर दिसतो, तोही याच जातीचा प्रकार. 'वर्ड लेन्स' या नावाने ही सोय २०१० मध्ये आली आणि २०१५ पासून ती गूगलच्या भाषांतर सेवेत समाविष्ट झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांतील चौकोनी क्यूआर संकेतावर फोन धरून 'दीक्षा'वरील पाठ उघडणाऱ्या शिक्षकांना पानावर फोन धरण्याची सवय एव्हाना झालेलीच आहे.

कोमेनियसचे पुस्तक आणि बास्क भाषेची खोली

शब्द आणि वस्तू यांची गाठ एकाच वेळी घालून द्यावी, हा विचार संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. मोराव्हियात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. चित्रातील प्रत्येक वस्तूस क्रमांक दिलेला आणि त्याच क्रमांकाने तिचे नाव एका बाजूस लॅटिनमध्ये व दुसऱ्या बाजूस जर्मनमध्ये. मुलाने आधी वस्तू पाहावी व मग नाव घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या बालवाड्यांच्या भिंतींवरील तक्ते हे याच पुस्तकाचे दूरचे वंशज होत.

सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये कोमेनियसच्या या पुस्तकाचेच नाव थोडे बदलून आपल्या प्रयोगास दिले. ५२ जणांना त्यांनी बास्क भाषेतील नामे शिकविली. ही युरोपातील अशी भाषा आहे की तिचे नाते जगातील दुसऱ्या कोणत्याही जिवंत भाषेशी सिद्ध झालेले नाही, त्यामुळे ओळखीच्या शब्दांचा आधार कोणासही मिळणे शक्य नव्हते. काही शब्द नेहमीच्या शब्दपत्त्यांवरून शिकावयाचे होते. उरलेले शिकताना विशेष चष्म्यातून खोलीतील खऱ्या वस्तूंवर त्यांच्या नावांच्या पाट्या तरंगताना दिसत. वस्तू पाहून शब्द आठवावयाच्या चाचणीत पाट्यांच्या पद्धतीने त्याच दिवशी ७ टक्के अधिक यश आले. चार दिवसांनंतर घेतलेल्या चाचणीत हे अंतर २१ टक्क्यांवर गेले. शिक्षकांनी लक्ष द्यावे ते या दुसऱ्या आकड्याकडे, कारण परीक्षा संपल्यावरही टिकलेला शब्दच मुलाच्या उपयोगी पडतो.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी ५७ जणांवर आणखी एक प्रयोग केला. आभासी खोलीत शिकणाऱ्याने एखादी कृती केली की यंत्र ती ओळखून त्या क्रियेचे परभाषेतील नाव त्याच्यापुढे मांडत असे. निकाल मोठा विचार करावयास लावणारा होता. धडा संपताक्षणी ज्यांनी केवळ लिखित मजकूर वाचला होता त्यांना अधिक शब्द आले. मात्र आठवड्यानंतर हातांनी कृती करून शिकलेल्यांच्या स्मरणात अधिक शब्द टिकून होते. एखाद्या विक्रेत्याने शाळेत येऊन अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक दाखविले आणि लगेच प्रश्न विचारले, तर त्या अर्ध्या तासावरून चांगले किंवा वाईट असे कोणतेच अनुमान काढू नये, हा याचा व्यवहारातील अर्थ.

या विषयावरील लेखांतून पाणबुड्यांच्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून त्याविषयी दोन शब्द. गॉडन व बॅडली यांनी १९७५ मध्ये असे दाखविले की पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवतात आणि किनाऱ्यावर पाठ केलेले किनाऱ्यावर. त्यावरून 'बाजाराचे शब्द आभासी बाजारातच शिकवावेत' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु २०२१ मध्ये हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. तेव्हा या दाखल्यावर फार भार टाकू नये, हे बरे.

कृतीतून भाषा ही कल्पनाही यंत्राची मिंधी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात अशी पद्धत मांडली की शिक्षकाने परभाषेत आज्ञा द्यावी, स्वतः ती कृती करून दाखवावी आणि विद्यार्थ्यांनी आरंभी काही न बोलता ती करावी. उठा, खिडकीकडे जा, खिडकी उघडा. 'दार लाव' या आमच्या पहिल्या वाक्याचे उत्तर या पद्धतीत आहे आणि त्यास दाराखेरीज दुसरे कोणतेही साहित्य लागत नाही. यंत्राने त्यात घातलेली भर एवढीच की नदी, बस-स्थानक, दवाखाना आणि तहसील कचेरी वर्गात आणता येते.

मराठीची पाटी कशी लिहावी

येथवरचे प्रयोग परक्या भाषांचे झाले. मराठी दुसरी भाषा म्हणून अशा साधनांतून शिकवावयाची झाल्यास काय काय करावे लागेल, हा प्रश्न आपला आहे आणि तो आपल्यासाठी दुसरे कोणी सोडविणार नाही.

खोलीतील वस्तूवर नुसते 'चूल', 'दिवा', 'भांडे' असे लिहिणे पुरेसे नाही. मराठी शिकणाऱ्यास तो दिवा, ती चूल आणि ते भांडे असे शिकावे लागते, कारण पुढचे सारे वाक्य त्यावर अवलंबून असते. दिवा विझला, चूल विझली. कोरकू भाषेत नामांचा मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. त्या घरातून आलेल्या मुलास चूल ही 'ती' का, याचे उत्तर तर्काने मिळणार नाही, सवयीनेच मिळेल. म्हणून पाटीवर पहिल्या दिवसापासून 'ती चूल' असेच लिहिलेले असावे.

दुसरी अडचण उच्चाराची. 'चार म्हशींना चारा घाल' या वाक्यातील दोन्ही 'च' आपण एकाच अक्षराने लिहितो, पण पहिला तालूजवळ उच्चारला जातो व दुसरा दातांजवळ. मराठी माणसाच्या हे ध्यानातही येत नाही. शिकणाऱ्याच्या मात्र येते, आणि हिंदी येणारा पाहुणा 'चमचा' म्हणतो तेव्हा आपल्या कानाला ते लगेच खटकते. देवनागरी पाटी हा भेद दाखवू शकत नाही. म्हणजे पाटीस आवाज हवा, आणि तो यंत्राने जुळविलेला नसून माणसाचा असेल तर उत्तम.

तिसरी गोष्ट अशी की मराठी नाम वाक्यात शिरताना आपले रूप बदलते. 'घोडा' शिकलेले मूल 'घोड्यावर' ऐकून गोंधळते; 'पाणी' ओळखणाऱ्यास 'पाण्यात' हा नवाच शब्द वाटतो. स्थिर पाटीचे सामर्थ्य येथे संपते आणि आभासी दृश्याचे सुरू होते. मुलाने वाटी उचलून पाण्यात टाकली की आवाज यावा, 'वाटी पाण्यात पडली'. बाहेर काढली की 'वाटी पाण्यातून काढली'. झाडाखाली ठेवली की 'झाडाखाली'. वस्तू हलते तसे रूप बदलते, आणि व्याकरणाचा तक्ता न पाहता प्रत्ययाचे काम डोळ्यांना दिसते.

सर्वांत मौजेचे उदाहरण 'आपण' आणि 'आम्ही' यांचे आहे. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्यास हा भेद समजावून सांगताना शिक्षक थकतो. आभासी दृश्यात तो दोन क्षणांत समजेल: चौकात चारजण उभे आहेत, "आम्ही बाजारात जातो" म्हणून ते निघून जातात आणि तुम्ही एकटेच तेथे उरता. पुढच्या वेळी "आपण बाजारात जाऊ" असे म्हणतात आणि तुम्हांस सोबत घेऊन निघतात. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. कोरकू भाषेत ऐकणाऱ्यास धरून आणि वगळून असा भेद मुळातच आहे. दोघांसाठी वेगळे व अनेकांसाठी वेगळे रूपही आहे. म्हणजे ज्या मुलास आपण मराठीत कच्चे समजतो त्यास मराठीतील एक अवघड भेद घरूनच येत असतो. त्याच्या भाषेची ओळख असलेला शिक्षक या पुंजीचा उपयोग करून घेईल. परदेशात तयार झालेला कार्यक्रम तसे करू शकणार नाही, कारण मूळ इंग्रजीत हा भेदच नाही. संबोधनाचेही तसेच. घरी आईला व आजीला 'तू' म्हणणारे मूल दारात आलेल्या तलाठ्यास 'तुम्ही' म्हणते, हे भाषांतर करून आणलेल्या संवादात उतरत नाही.

प्रस्तुत लेखकास एका आश्रमशाळेत असे चष्मे पाहावयास मिळाले. ते कपाटात, आपापल्या खोक्यांत होते. त्यांतील दृश्ये महासागरातील देवमाशांची व ग्रहमालेची होती आणि निवेदन इंग्रजीत होते. मुलांनी एकदा पाहिले, आनंद घेतला आणि विषय संपला. त्याच शाळेतील एका शिक्षिकेने मात्र वर्गातील वस्तूंवर कागदाच्या चिठ्ठ्या डकविल्या होत्या. वर मुलांच्या भाषेतील शब्द देवनागरीत, खाली मराठी. तो, ती, ते यांसाठी तीन रंग. मधल्या सुट्टीत मुलांनी 'ती बादली' ही चिठ्ठी काढून गुरुजींच्या खुर्चीला लावली होती व सारा वर्ग हसत होता. तेथे शब्द कळल्याची याहून वेगळी परीक्षा घेण्याचे कारण उरले नव्हते.

चुकण्याची मोकळीक

दुसरी भाषा बोलताना माणूस अडतो तो बहुधा शब्दांच्या अभावी नव्हे, तर लाजेमुळे. अमेरिकेतील एलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गात वाटणाऱ्या या भीतीचे मोजमाप करण्याची प्रश्नावली तयार केली आणि ही भीती सर्वसाधारण परीक्षेच्या भीतीहून निराळी असल्याचे प्रतिपादन केले. आभासी दुकानदारापुढे दहा वेळा चुकले तरी तो हसत नाही, कंटाळत नाही व दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळत नाही. प्रौढ विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

याचा उपयोग कोठे होऊ शकेल याचे एक ताजे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. परिचारिकेस जर्मनीत पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारणतः 'बी-२' पातळीची जर्मन यावी लागते. पुस्तकातून ती पातळी गाठलेली परिचारिकाही रात्रपाळीच्या आरंभी सहकारी दहा रुग्णांची माहिती भराभर सांगू लागली की गांगरते. हा प्रसंग आभासी वॉर्डात वीस वेळा घडवून आणता येतो. मात्र त्या राज्यातील वृद्ध रुग्ण पुष्कळदा स्वाबियन बोली बोलतात आणि कार्यक्रमातील आवाज प्रमाण जर्मनचा असतो. वऱ्हाडात पहिली नेमणूक झालेल्या पुण्याच्या शिक्षकास हा अनुभव ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

आणि मोकळीक कितीही दिली तरी न हसणारा दुकानदार हा शेवटी खरा दुकानदार नव्हे. मेरिल स्वेन यांनी कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून १९८५ मध्ये असे मांडले की वर्षानुवर्षे समजेल असे ऐकूनही मुलांचे बोलणे कच्चे राहते, कारण आपले म्हणणे दुसऱ्यास नीट पटवून देण्याची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही. समोरच्यास कळले नाही म्हणून वाक्य फिरवून सांगावे लागते तेव्हाच भाषा घट्ट होते. आजची यंत्रे संभाषण करू लागली आहेत हे खरे; परंतु त्यांचा सारा कल बोलणाऱ्यास सांभाळून घेण्याकडे असतो. अर्धवट वाक्यही ती समजून घेतात. मोडक्या वाक्यापुढे "काय म्हणालास?" असे विचारणारा सोबती त्या मानाने अधिक शिकवितो.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या गोष्टी

चष्म्यांविषयी पहिली गोष्ट वयाची. उत्पादकांनीच किमान वयाच्या अटी घातलेल्या आहेत. मेटा या कंपनीने आपल्या चष्म्यांसाठी ठेवलेली १३ वर्षांची अट २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली १० वर्षांपर्यंत खाली आणली. पहिली ते चौथीच्या मुलांचे वय साधारणतः सहा ते दहा. म्हणजे ज्या वर्गांत दुसऱ्या भाषेशी मुलाची पहिली गाठ पडते नेमके तेच वर्ग या चष्म्याच्या बाहेर राहतात. प्राथमिक शाळेसाठी चष्म्यांचा प्रस्ताव आला तर एवढी एक बाब त्यावर निर्णय घेण्यास पुरेशी आहे. लहान मुलांसाठी शिक्षकाच्या हातातील फोन किंवा टॅबलेट आणि त्यावर दिसणाऱ्या बोलक्या पाट्या हाच मार्ग उरतो. तो स्वस्त आहे आणि त्यात दहा मुले एकाच पडद्याभोवती जमून आपापसांत बोलतात, हा त्याचा गुणच म्हणावा लागेल.

दुसरी गोष्ट मजकुराची. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा आणला आणि त्यापाठोपाठ शाळांसाठी 'एक्स्पिडिशन्स' नावाची आभासी सहलींची योजना. जगभरच्या शाळांनी तिचा लाभ घेतला. २०२१ मध्ये पुठ्ठ्याच्या चष्म्याची विक्री थांबली आणि ती योजनाही बंद झाली. ज्या शाळांनी साहित्य जमविले होते त्यांच्याकडे भिंगे आणि पुठ्ठा उरला. म्हणून कार्यक्रम आंतरजालाविना चालतो काय, कंपनीने सेवा थांबविल्यास तो आपल्याकडे राहतो काय आणि शिक्षकास त्यात स्वतःचे शब्द, चित्रे व आवाज घालता येतात काय, हे तीन प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत. चार्जिंगची सोय, एकाच्या तोंडावरचा चष्मा दुसऱ्याने लावण्यापूर्वी तो पुसण्याची शिस्त, डोळे आल्याच्या दिवसांत तो बंद ठेवणे, या गोष्टी किरकोळ असल्या तरी कपाटातील खोकी बहुधा त्यांच्यामुळेच उघडत नाहीत.

आधी कोणी शिकावे

आतापर्यंत आपण मुलाने मराठी शिकावी असेच गृहीत धरले. दुसऱ्या बाजूनेही पाहावयास हवे. २०११ च्या जनगणनेनुसार कोरकू ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सव्वासात लाखांहून अधिक होती. ही वस्ती मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांत विभागलेली आहे. ही भाषा मुंडा शाखेची, दूर पूर्वेकडील संथाली व मुंडारी यांच्या कुळातील. मराठीवरून अंदाजाने ती समजेल असे नाही. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यात बदलून गेलेला वैद्यकीय अधिकारी, ग्रामसेवक अथवा शिक्षक हा तेथे दुसरी भाषा शिकणारा विद्यार्थीच असतो. तो प्रौढ आहे, चष्म्याच्या वयाची अट त्यास लागू नाही, लोकांसमोर चुकण्याची लाज त्यास सर्वांत अधिक आहे आणि रुजू होण्यापूर्वीचे काही दिवस त्याच्या हाती असू शकतात. आभासी चष्मा प्रथम कोणास द्यावयाचा असेल तर तो अशा अधिकाऱ्यास द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दृश्येही फार लागणार नाहीत: प्राथमिक आरोग्य केंद्रात ताप आलेले मूल घेऊन आलेली आई, शिधापत्रिकेची तक्रार घेऊन आलेला म्हातारा, ग्रामसभेत उठून बोलणारी बाई. मूल किती दिवस जेवले नाही, हा प्रश्न आईच्या भाषेत विचारता न आल्याने काय होऊ शकते, हे त्या भागात काम केलेल्यांना सांगावयास नको.

तयार साहित्य मात्र थोडे आहे. केंद्र शासनाची 'भाषिणी' ही सेवा २०२२ मध्ये सुरू झाली व ती प्रामुख्याने आठव्या अनुसूचीतील २२ भाषांभोवती उभी आहे. कोरकू, गोंडी व भिली त्या अनुसूचीत नाहीत. आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे साधन आणले, त्यात आरंभी संथाली, भिली, मुंडारी व गोंडी यांचा समावेश झाला. कोरकूसाठी आवाज, शब्द व वाक्ये गावातूनच गोळा करावी लागतील. हे काम यंत्रज्ञाच्या हातचे नाही. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा आणि गावातील वडीलधारी मंडळी यांनी मिळून ते करावयाचे आहे. त्यासाठी आरंभी भ्रमणध्वनीवरील ध्वनिमुद्रण पुरे. ज्यांचा आवाज घ्यावयाचा त्यांस कशासाठी घेतो हे त्यांच्याच भाषेत सांगावे, संमती घ्यावी आणि दिवसाचे मानधन द्यावे. दोन गावांत एकाच वस्तूस दोन शब्द निघाले तर दोन्ही ठेवावेत. मुद्रणाची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत राहावी, म्हणजे उद्या एखादी संस्था त्यावरून आभासी दवाखाना उभारू लागली तर आपले शब्द परत मिळविण्यासाठी गावास कोणाकडे अर्ज करावा लागणार नाही.